कामगार नुकसानभरपाईची स्वजोखीम आणि मालकाची ऐपत : खालापूर-कर्जत परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील खोपोलीचा शिळफाटा हा खालापूर तालुक्याच्या औद्योगिक जीवनाचा एक महत्त्वाचा नाका आहे. (कल्याण मार्गावरील ठाणे जिल्ह्यातील शिळफाटा तो वेगळा.) पोलाद, रसायने व अभियांत्रिकी यांचे मोठे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरविणारी छोटी वर्कशॉप, रस्त्याकाठची गॅरेज, हॉटेले, कर्जतच्या बाजूस वाढत गेलेली घरबांधणी व फार्महाऊसची कामे आणि पावसाळा संपताच पेटणाऱ्या वीटभट्ट्या असे रोजगाराचे अनेक थर या परिसरात शेजारी शेजारी नांदतात. या सर्व थरांत एक गोष्ट समान आहे. काम करताना अपघात झाला, तर कामगारास अथवा त्याच्या वारसांस भरपाई देण्याचे दायित्व कायद्याने मालकावर टाकलेले आहे.

परंतु दायित्व असणे आणि रक्कम प्रत्यक्ष हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या मालकाने विमा उतरविलेला नाही, तो भरपाईची सर्व जोखीम स्वतःच्या अंगावर घेत असतो. जगातील अनेक देशांत व राज्यांत अशी जोखीम अंगावर घेण्यासाठी मालकास शासनाची परवानगी, आर्थिक ऐपतीचा पुरावा आणि हमीरक्कम द्यावी लागते. भारतात मात्र केवळ विमा न उतरविल्यानेच ती स्थिती आपोआप प्राप्त होते. या फरकाचा अर्थ काय, तो कसा निर्माण झाला आणि त्याचा भार शेवटी कोणावर पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वविमा : संकल्पना

‘स्वविमा’ या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. विम्यामध्ये मालक ठरावीक हप्ता भरून आपली जोखीम विमा कंपनीकडे सोपवितो. स्वविम्यामध्ये तो जोखीम स्वतःकडेच ठेवतो. मात्र ती ठेवताना संभाव्य दाव्यांचा अंदाज घेतो, त्यासाठी स्वतंत्र तरतूद करतो, दावे हाताळणारी यंत्रणा उभारतो आणि एखाद्या मोठ्या आपत्तीपुरता मर्यादेपलीकडील विमा घेतो. या चार गोष्टी असतील तरच त्यास स्वविमा म्हणता येईल. यांपैकी काहीही न करता केवळ विमा न घेणे हा स्वविमा नव्हे. ती निव्वळ अविमित अवस्था होय. व्यवहारात हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, कारण दोन्हींत विम्याचे पत्र नसते. अपघात घडल्यानंतरच त्यांतील अंतर कळून येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्या काळी घाटमाथ्यावरील धरणांच्या वा पायथ्याच्या वीजकेंद्राच्या कामावर मजूर दगावला, तर त्याच्या कुटुंबास भरपाई मिळण्याचा मार्ग जवळजवळ बंदच होता. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यान्वये दावा करावयाचा, तर मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. अशिक्षित विधवेस ते साधणे अशक्यप्राय होते.

ही स्थिती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने पालटली. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या या कायद्याने दोषाचा प्रश्न बाजूस सारला. अपघात कामातून व कामाच्या ओघात उद्भवला असेल तर भरपाई द्यावयाची, एवढेच तत्त्व त्याने स्वीकारले. त्या काळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे नामनियुक्त सभासद ना. म. जोशी हे आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा, जिल्ह्यातील गोरेगावचे, ही गोष्ट या परिसराच्या वाचकांस मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे.

तत्त्व स्वीकारताना आदर्श मात्र ब्रिटनचा होता. जर्मनीने १८८४ साली अपघात विमा सक्तीचा करून उद्योगवार मालकसंघांकडे त्याची व्यवस्था सोपविली होती. ब्रिटनने १८९७ च्या कायद्यात दायित्व वैयक्तिक मालकावर ठेवले आणि विमा ऐच्छिक राखला. भारताने हा दुसरा मार्ग घेतला. ब्रिटनने पुढे १९४६ च्या कायद्यान्वये औद्योगिक इजांची भरपाई राष्ट्रीय विम्यात विलीन केली, आणि मालकाच्या दिवाणी दायित्वाचा विमाही १९६९ च्या कायद्याने सक्तीचा केला. ज्या देशाचा नमुना घेतला त्याने तो सोडून दिला. भारतात तो टिकून राहिला.

स्वातंत्र्यानंतर दुसरा प्रवाह सुरू झाला. प्रा. बी. पी. आदरकर यांच्या १९४४ च्या अहवालातून कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना पुढे आली आणि तीतून कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ आकारास आला. ही योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे, तर महाराष्ट्रात १९५४ साली सुरू झाली. ज्या कामगारांना ती लागू झाली त्यांच्यापुरते भरपाईचे दायित्व मालकाकडून महामंडळाकडे गेले. उर्वरित सर्व कामगार १९२३ च्या चौकटीतच राहिले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून वरील दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. मात्र नुकसानभरपाईची मूळ चौकट, म्हणजे मालकाचे वैयक्तिक दायित्व, भरपाईचे सूत्र व आयुक्तांची यंत्रणा, संहितेने कायम ठेवली आहे. या दायित्वासाठी विमा सक्तीचा करण्याची संधीही संहितेने घेतलेली नाही. म्हणून जुन्या कायद्याखाली घडत गेलेल्या न्यायतत्त्वांचे महत्त्व आजही कायम आहे.

दायित्वाचे आकारमान

मालकावर नेमका किती भार येतो, हे सूत्रावरून स्पष्ट होते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणली जाते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाचे ६० टक्के धरले जातात. गुणक २० व्या वर्षी २२४.००, ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७ व ५० व्या वर्षी १५३.०९ असा उतरत जातो. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने या हिशेबासाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा ८,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली.

समजा, १५,००० रुपये वेतन असलेला ३० वर्षांचा कामगार यंत्रावर दगावला. त्याच्या वारसांना देय रक्कम ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. तोच कामगार जगला परंतु कायमचा संपूर्ण अपंग झाला, तर ती १८,७१,८२० रुपये होईल. मोठ्या कारखान्यास ही रक्कम पेलण्याजोगी आहे. दोन लेथ यंत्रे आणि चार कामगार असलेल्या वर्कशॉपच्या मालकास ती देणे म्हणजे यंत्रांसह दुकान विकणे होय.

विलंबाने हा भार आणखी वाढतो. भरपाई देय होताच ती द्यावयाची असते. दायित्व पूर्णतः मान्य नसले, तरी जितके मान्य असेल तितकी रक्कम तात्पुरती भरावी लागते. एक महिन्यात रक्कम न दिल्यास किमान १२ टक्के दराने सरळ व्याज, आणि विलंबास समर्थनीय कारण नसल्यास थकलेल्या रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आकारता येतो. वरील मृत्यूच्या उदाहरणात तीन वर्षे विलंब झाला तर व्याज ५,६१,५४६ रुपये होते. कमाल दंड लावल्यास आणखी ७,७९,९२५ रुपयांची भर पडते. एकूण देय २९,०१,३२१ रुपये, म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ दुप्पट होते. भरपाई देय होण्याचा दिवस कोणता, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात (१९७६) निर्णय दिला. एका सुताराने डावा हात गमावल्याचे ते प्रकरण होते. आयुक्तांच्या निवाड्याची वाट न पाहता अपघाताच्या दिवसापासूनच मालकाचे दायित्व सुरू होते, असे न्यायालयाने म्हटले.

विमा घेतला तरी हा सर्व भार कंपनीवर जातोच असे नाही. वेद प्रकाश गर्ग खटल्यातील (१९९७) निर्णयानुसार मूळ रक्कम व व्याज विमा कंपनीकडून वसूल होऊ शकते. दंड मात्र मालकाच्या स्वतःच्या कसुरीबद्दल असल्याने त्यानेच भरावयाचा. २००६ साली त्याच न्यायालयाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. १९२३ च्या कायद्याने विमा सक्तीचा केलेला नसल्यामुळे मालक व कंपनी यांना आपसातील कराराने व्याजाचे दायित्व विम्यातून वगळता येते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. विमा ऐच्छिक असल्यामुळे त्याच्या अटीही ऐच्छिक ठरतात. सक्तीच्या विम्यात जी किमान हमी कायदा ठरवून देतो, ती येथे पॉलिसीच्या मजकुरावर अवलंबून राहते.

मालक देऊ शकला नाही तर

कायद्याने वसुलीची साधने दिलेली आहेत. आयुक्तांनी ठरविलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. मालकाने मालमत्ता हस्तांतरित केली तरी तिच्यातील स्थावर भागावर भरपाईचा प्रथम बोजा राहतो. मालक नादार झाला आणि त्याने विमा घेतलेला असेल, तर विमा कंपनीविरुद्धचे त्याचे हक्क कामगाराकडे येतात. कंपनीचे समापन झाल्यास भरपाईची रक्कम कामगारांच्या देण्यांत धरली जाते.

या साधनांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट ध्यानात येते. ती सर्व मालकाकडे काहीतरी असेल तरच उपयोगी पडतात. विमा कंपनीविरुद्धचा हक्क मिळण्यासाठी विमा असावा लागतो. महसुली जप्तीसाठी मालमत्ता असावी लागते. भाड्याच्या गाळ्यात, कर्जाऊ यंत्रांवर चालणाऱ्या उद्योगात अथवा केवळ मजुरांच्या बळावर काम उचलणाऱ्या ठेकेदाराकडे जप्त करण्यासारखे फार थोडे असते. तेथे हुकूमनामा मिळतो, पैसा मिळत नाही. मालकाच्या नादारीची जोखीम, जी विमा कंपनीने अथवा शासनाने उचलावयास हवी, ती अशा वेळी मृत कामगाराच्या कुटुंबावर येऊन पडते.

यातूनच ‘मिटवून टाकण्याची’ प्रथा जन्म घेते. अपघातानंतर काही रोख रक्कम देऊन कोऱ्या वा छापील कागदावर सही अथवा अंगठा घेतला जातो. वस्तुतः मृत्यूच्या प्रकरणी मालकाने वारसांना परस्पर दिलेली रक्कम कायदेशीर भरपाई ठरत नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर फक्त तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम देता येते. हक्क सोडून देणारा करारही शून्यवत असतो. दावा करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. ही माहिती कुटुंबास नसते आणि मुदत टळून जाते. अशा तडजोडीत मालकासही संरक्षण नाही, कारण पुढे दावा झाल्यास पूर्ण रकमेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

परवान्याने मिळणारा स्वविमा : अमेरिकेतील राज्यांचा अनुभव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कामगार भरपाई हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. बहुतेक राज्यांत मालकापुढे दोन पर्याय असतात : विमा उतरविणे, अथवा राज्याची परवानगी घेऊन स्वविमा करणे. कॅलिफोर्नियात स्वविम्यासाठी औद्योगिक संबंध संचालकांचे संमतिपत्र लागते. ओहायो व वॉशिंग्टन या राज्यांत विमा राज्याच्या निधीकडेच उतरवावा लागतो, परंतु पात्र मालकांना स्वविम्याची मुभा आहे. नॉर्थ डकोटा व वायोमिंग येथे तीही नाही. टेक्ससमध्ये खासगी मालकांना संपूर्ण पद्धतीबाहेर राहता येते. तपशील भिन्न असले तरी स्वविम्याच्या नियमांचा सांगाडा सर्वत्र जवळपास सारखा आहे. अर्जदाराने आर्थिक ताळेबंद सादर करावयाचा. संभाव्य दाव्यांच्या प्रमाणात रोखे, बँकेचे पतपत्र अथवा जामीनकी द्यावयाची. मोठ्या दुर्घटनेसाठी अधिकचा विमा घ्यावयाचा. दावे हाताळण्यास सक्षम यंत्रणा ठेवावयाची. आणि दरवर्षी हिशेब द्यावयाचा. काही राज्यांत स्वविमाधारकांचा सामाईक हमी निधीही असतो. एखादा मालक बुडाल्यास इतरांच्या वर्गणीतून त्याच्या कामगारांची देणी भागविली जातात. कॅलिफोर्नियात असा निधी १९८४ पासून आहे.

ही पद्धत निर्दोष नाही. कोळसा खाणकामगारांच्या काळ्या फुप्फुसाच्या रोगाबद्दलची भरपाई तेथे केंद्रीय कायद्याखाली येते आणि खाणमालकांना परवानगीने स्वविमा करता येतो. २०१४ ते २०१६ या काळात असे तीन स्वविमाधारक खाणमालक दिवाळखोरीत गेले. त्यांच्याकडून घेतलेली हमी अपुरी होती. त्यामुळे सुमारे ८६.५ कोटी डॉलरांचे दायित्व सरकारी विश्वस्त निधीवर आल्याचे अमेरिकी शासनाच्या उत्तरदायित्व कार्यालयाने २०२० च्या अहवालात दाखवून दिले. न्यूयॉर्क राज्यात छोट्या मालकांचे सामूहिक स्वविमा न्यास या शतकाच्या पहिल्या दशकात कोसळले, त्यालाही अपुरी वर्गणी व ढिली देखरेख कारणीभूत होती. याचा निष्कर्ष दुहेरी आहे. परवानगीचा नियम असूनही हमी अपुरी ठेवली तर संकट येते. परंतु तेथे ते संकट निधीवर आले. खाणकामगाराची भरपाई थांबली नाही.

भारतीय कायद्यातील समांतर तरतुदी

अशी नियमव्यवस्था भारतीय कायद्यास अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही. किमान चार ठिकाणी विधिमंडळाने स्वविम्याचे तत्त्व अटींसह स्वीकारलेले आढळते.

पहिले, मोटार वाहन कायदा, १९८८. त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. तथापि कलम १४६ अन्वये राज्य परिवहन उपक्रम व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या वाहनांना सूट देता येते. अट अशी की, संबंधित संस्थेने भरपाईसाठी नियमानुसार स्वतंत्र निधी स्थापून तो चालू ठेवला पाहिजे. निधी नसेल तर सूट नाही.

दुसरे, सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१. भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या या कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्यांस विमा सक्तीचा केला. शासन, शासकीय महामंडळे व स्थानिक स्वराज्य संस्थांना तीतून सूट मिळू शकते. अट पुन्हा निधीचीच. येथील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. रसायनाच्या कारखान्यातून वायुगळती झाली तर कुंपणाबाहेरील नागरिकाच्या भरपाईसाठी विमा सक्तीचा आहे. कुंपणाच्या आत त्याच वायूने गुदमरलेला कामगार राज्य विमा योजनेबाहेरचा असेल, तर त्याच्यासाठी तशी सक्ती नाही.

तिसरे, उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. १९८७ च्या दुरुस्तीने उपदानाचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद आली. मान्यताप्राप्त उपदान निधी असलेल्या मालकांना तीतून सूट ठेवण्यात आली. राज्यांनी अधिसूचना काढल्यावरच ती लागू होत असल्याने प्रत्यक्षात फार थोड्या राज्यांनी तिचा अवलंब केला. आंध्र प्रदेशाने २०११ साली व कर्नाटकाने २०२४ साली त्यासाठी नियम केले. सामाजिक सुरक्षा संहितेतही उपदानाच्या सक्तीच्या विम्याची तरतूद आहे. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेस जे संरक्षण दिले, ते नोकरीत प्राण गमावल्यावर मिळणाऱ्या रकमेस दिले गेले नाही.

चौथे, कर्मचारी राज्य विमा. १९४८ च्या कायद्याच्या कलम ८७ अन्वये समुचित शासनास, म्हणजे खासगी कारखान्यांच्या बाबतीत राज्य शासनास, एखाद्या आस्थापनेस योजनेतून सूट देता येत असे. ती एका वेळी एक वर्षापुरती असे. २०१० च्या दुरुस्तीने महत्त्वाची अट घातली. कामगारांना योजनेतील लाभांशी तुल्य अथवा त्यांहून सरस लाभ मिळत असतील, तरच सूट देता येईल. स्वविम्याच्या राज्यस्तरीय नियमांच्या सर्वांत जवळची भारतीय तरतूद हीच होय. परंतु तिचा भर लाभ तुल्य आहेत की नाहीत यावर होता. मालकाची ऐपत टिकेल की नाही, याची कसोटी तीत नव्हती.

या चारही ठिकाणी एकच विचार दिसतो : विम्यातून सूट हवी असेल तर पर्यायी व्यवस्था दाखवा. नुकसानभरपाईच्या कायद्यात मात्र सूट मागण्याची गरजच नाही, कारण मुळात सक्ती नाही.

शिळफाटा परिसरातील तीन गट

या परिसरातील कामगारांचे प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तीन गट पाडता येतात.

पहिला गट राज्य विमा योजनेत असलेल्यांचा. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्का अशी आहे. कामावर मृत्यू झाल्यास अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के दराने नियतकालिक लाभ मिळतो. मालक बुडाला तरी हा लाभ थांबत नाही. हा गट सर्वांत सुरक्षित होय.

दुसरा गट योजनेच्या वेतनमर्यादेबाहेर गेलेल्यांचा. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये आहे. वेतनवाढीमुळे मर्यादा ओलांडणारा कुशल कामगार योजनेतून बाहेर पडून नुकसानभरपाईच्या तरतुदीखाली येतो. येथे एक विपरीत परिणाम घडतो. त्याचे वेतन २५,००० रुपये असले तरी भरपाईच्या हिशेबात ते १५,०००च धरले जाते. आणि आजीव लाभाऐवजी एकरकमी भरपाई मिळते. मोठे कारखाने अशांसाठी सामूहिक विमा घेतात अथवा स्वतः जोखीम पेलतात. त्यांची ऐपत असते तोवर अडचण येत नाही.

तिसरा गट सर्वांत मोठ्या चिंतेचा. दहाहून कमी माणसे असलेली वर्कशॉप व गॅरेज, घरबांधणीच्या कामावरील मजूर, ठेकेदारामार्फत कारखान्यात येणारे हमाल व सफाई कामगार आणि वीटभट्टीवरील कुटुंबे यांचा त्यात समावेश होतो. ठेकेदाराच्या कामगारांस थोडे संरक्षण आहे. काम मूळ मालकाच्या व्यवसायाचा भाग असेल व त्याच्या जागेत चालत असेल, तर कामगार थेट मूळ मालकाकडून भरपाई मागू शकतो. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावयाची असते. म्हणूनच अनेक कारखाने निविदेतच ठेकेदाराकडे विमा पॉलिसी मागतात. कायद्याने जी सक्ती केली नाही ती करारातून आली, ती मूळ मालकाला स्वतःच्या जोखमीची जाणीव असल्यामुळे.

वीटभट्टीवर असा समर्थ मूळ मालक सहसा नसतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. मजुरीचा हिशेब कुटुंबाचा, जोडप्याच्या नावाने असतो, वेतनपत्रक नसते. अपघात झाल्यास मृताचे मासिक वेतन किती हे सिद्ध करण्यापासून अडचण सुरू होते, आणि मालक नेमका कोण, येथपर्यंत ती जाते. उचलीची बाकी हीच भरपाई समजून विषय संपविला जाण्याचा धोका येथे सर्वाधिक आहे. कायद्याच्या दृष्टीने भट्टीचा मालक हाही ‘स्वविमाधारक’च आहे; त्याच्या ऐपतीची चौकशी कोणी केलेली नाही.

आक्षेप आणि त्यांचा विचार

सर्वांना विमा सक्तीचा केला की प्रश्न सुटेल, असे मत मांडले जाते. अनुभव तसे सांगत नाही. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली कामावर जाताना वाटेत अपघातात मृत्यू पावला. विमा होता. तरीही अपघात कामाच्या ओघात घडला काय, या वादात त्याच्या कुटुंबास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला तो जुलै २०२५ मध्ये. (कामावर जाण्या-येण्याच्या मार्गातील अपघातांविषयी आता संहितेत स्पष्ट तरतूद आहे.) विमा कंपनीची ऐपत निर्विवाद होती, तिची तयारी नव्हती.

याउलट स्वतः जोखीम घेणारी संस्था सक्षम असेल तर मध्यस्थ टळतो. महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात विमा योजना २०२३ साली बदलून सानुग्रह अनुदान योजना केली. विमा कंपन्यांमार्फत होणारी दिरंगाई व नाकारले जाणारे दावे टाळून शासन थेट रक्कम देऊ लागले. हा एका अर्थी शासनाचा स्वविमाच आहे. तात्पर्य, भरपाई विमा कंपनीने दिली की मालकाने, हा प्रश्न दुय्यम आहे. ती निश्चितपणे व वेळेत मिळेल याची हमी कोणी घेतली आहे, हा मुख्य प्रश्न होय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. छोट्या उद्योगास हप्त्याचा बोजा नको, असे म्हटले जाते. परंतु हप्ता न भरल्याने जोखीम नाहीशी होत नाही. ती केवळ कामगाराच्या घराकडे सरकते. शिवाय एका अपघाताने वर्कशॉपच बंद पडण्याची भीती पाहता विमा हे मालकाचेही संरक्षण ठरते.

उपाययोजना

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) राज्य विमा योजनेबाहेरील कामगार ठेवणाऱ्या प्रत्येक मालकास ‘विमा अथवा सिद्ध ऐपत’ यांपैकी एक पर्याय बंधनकारक असावा. स्वविमा हवा असणाऱ्याने ताळेबंद, हमीरक्कम व अधिकचा विमा दाखवावा.

२) विम्याच्या पॉलिसीत व्याजाचे दायित्व वगळण्यास मनाई असावी.

३) राज्य विमा योजनेतून सूट देताना लाभांच्या तुल्यतेबरोबरच आर्थिक ऐपतीचीही तपासणी व्हावी.

४) नगरपरिषदा व ग्रामपंचायतींनी बांधकाम परवानगी देताना, तसेच महसूल विभागाने वीटभट्टीस परवाना देताना, मजुरांच्या विम्याची प्रत मागावी.

५) छोट्या वर्कशॉपसाठी सामूहिक पॉलिसीचा मार्ग स्वीकारावा. न्यूयॉर्कचा अनुभव पाहता, पुरेशी वर्गणी व देखरेख यांवाचून सामूहिक स्वविम्याचा प्रयोग करू नये.

समारोप

१९२३ च्या कायद्याने दोष सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या कुटुंबावरून उतरविले. मालकाच्या नादारीचे ओझे मात्र त्याच कुटुंबावर राहू दिले. शंभर वर्षांनंतर संहिता आली तरी ते उतरलेले नाही. अन्य कायद्यांत विम्यातून सूट हवी असेल तर निधी दाखवावा लागतो. येथे काहीच दाखवावे लागत नाही. स्वविमा ही वाईट पद्धत नव्हे, परंतु तिची पात्रता अपघातापूर्वी तपासली गेली पाहिजे.

हा प्रश्न महाविद्यालयांपासूनही दूर नाही. संस्थेच्या आवारात नवीन इमारतीचे बांधकाम चालू असते, रात्रपाळीचा रखवालदार ठेकेदारामार्फत येतो, गच्चीवरील टाकी साफ करण्यास दोन मजूर रोजंदारीवर बोलाविले जातात. त्यांच्यापैकी कोणी पडला तर भरपाई कोण देणार, आणि ती देण्याची तजवीज कोठे लिहिलेली आहे, हे प्रत्येक संस्थेने ठेकेदाराच्या देयकावर सही करण्यापूर्वी पाहून घेणे इष्ट ठरेल.